बॉइस सिटी : कोरडवाहू मुलखांतील एका कसब्याची जमीन आणि माणसें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओक्लाहोमा या संस्थानाचा नकाशा पुढें घेतला असतां तो दांडीच्या तव्यासारखा दिसतो. दांडी पश्चिमेकडे सरळ निघालेली आहे, आणि तिच्या अगदीं टोंकाला सिमॅरॉन नांवाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुका व जिल्हा यांच्या दरम्यानचें कांहींतरी, असें वाचकांनीं समजावें. सिमॅरॉनचें क्षेत्र सुमारें १,८३५ चौरस मैल, म्हणजे आपल्या मोठ्यांत मोठ्या तालुक्याहूनहि बरेंच अधिक आहे. या कौंटीच्या कचेरीचें ठाणें म्हणजे बॉइस सिटी. नांवांत 'सिटी' आहे म्हणून कोणी फसूं नये. इ. स. २०२० च्या खानेसुमारींत तेथें अवघीं १,१६६ माणसें मोजलीं गेलीं, आणि गांवाचा सारा पसारा सव्वा चौरस मैलाच्या आसपास आहे.

इतक्या लहान व इतक्या दूरच्या गांवाकरितां मासिकाचीं पानें कां खर्चावीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या गांवाच्या शंभर वर्षांच्या शिरगणतीचे आंकडे ओळीनें मांडले तर जमीन, पाऊस, बाजारभाव आणि विहिरीचें पाणी यांचा जमाखर्च त्यांत जितका स्वच्छ उतरलेला दिसतो, तितका आम्हांस दुसऱ्या कोठें आढळला नाहीं. आम्हीं तें गांव डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. नकाशे, सरकारी आंकडे व छापील माहिती यांच्या आधारें लिहीत आहों, हें आरंभींच सांगून ठेवतों.

दांडीचा हा मुलूख कसा निर्माण झाला ती हकीकत विलक्षण आहे. टेक्सास हें गुलामगिरी पाळणारें संस्थान होतें. आणि ३६ अंश ३० कलांच्या रेषेच्या उत्तरेस गुलामगिरी असूं नये असा निर्बंध होता. तेव्हां इ. स. १८५० मध्यें टेक्सासनें त्या रेषेच्या उत्तरेकडील आपली जमीन सोडून दिली. पुढें १८५४ मध्यें कॅन्ससची दक्षिण शीव ३७ अंशांवर ठरली. मध्यें अर्ध्या अंशाची, म्हणजे साडेचौतीस मैल रुंदीची पट्टी राहिली, ती कोणाच्याच वांट्यास आली नाहीं. चाळीस वर्षें तिला ना कायदा ना कचेरी. लोक तिला 'नो मॅन्स लँड', म्हणजे कोणाचीच नव्हे ती जमीन, असें म्हणत. गुरें चारणारे आपले कळप तेथें नेत, पण कसणाऱ्यास आपल्या जमिनीचा कायदेशीर दाखला मिळवितां येत नसे, कारण दाखला देणारा अंमलदारच नव्हता. १८९० मध्यें ही पट्टी ओक्लाहोमा मुलखास जोडण्यांत आली आणि दर खातेदारास १६० एकर या मापानें वसाहतीस खुली झाली. १६ नोव्हेंबर १९०७ रोजीं ओक्लाहोमा हें संस्थान बनलें, तेव्हां पट्टीच्या तीन कौंट्या पाडल्या. त्यांतील सर्वांत पश्चिमेची ती सिमॅरॉन. कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सास अशा चार परसंस्थानांस तिची शीव भिडते. साऱ्या देशांत अशी दुसरी कौंटी नाहीं. स्वतःच्या संस्थानाची राजधानी मात्र तिच्यापासून तीनशें मैलांहून दूर आहे.

गांवाचा जन्म तर उघड उघड लबाडींतून झाला. इ. स. १९०८ मध्यें तिघा जमीनविक्यांनीं येथें गांवठाण आंखलें आणि दूरदूरच्या लोकांस छापील पत्रकें पाठविलीं. पत्रकांत फरसबंदी रस्ते होते, सांवलीचीं झाडें होतीं, जमिनींतून आपोआप उसळणाऱ्या पाण्याची विहीर होती. गांवाचें नांवहि झाडें या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून घेतलें असें म्हणतात. सुमारें तीन हजार वाडग्यांचे तुकडे विकले गेले. घेणारे लोक बायकामुलांसह येऊन पाहतात तों रस्ता नाहीं, झाड नाहीं, पाणी नाहीं. जमिनीवर नुसत्या खुंट्या ठोकलेल्या. एवढेंच नव्हे, तर ज्या तुकड्यांचे पैसे घेतले त्यांची मालकीहि विकणारांकडे नव्हती. टपालाच्या द्वारें फसवणूक केल्याबद्दल या मंडळींस लेव्हनवर्थ येथील तुरुंगाची शिक्षा झाली. आमच्याकडेहि शहरालगतच्या 'फार्म प्लॉट'ची चित्रमय पत्रकें घरोघर येत असतात. तेव्हां या गोष्टीवर अधिक भाष्य करण्याचें कारण नाहीं.

नवल हें कीं, फसलेल्यांपैकीं बरेच लोक राहिले. कौंटीची तात्पुरती कचेरी वायव्य कोंपऱ्यांतील केंटन या गांवीं होती. १९०८ च्या मतदानांत ती बॉइस सिटीकडे आली. कारण सरळच आहे. केंटन दऱ्याखोऱ्यांत एका बाजूला पडलेलें. बॉइस सिटी सपाटीवर, कौंटीच्या मध्याजवळ. १९२५ मध्यें आगगाडी आली, १९२६ मध्यें चौकांत कौंटीची पक्की कचेरी उभी राहिली. आज पांच राष्ट्रीय हमरस्ते त्या कचेरीभोंवतीं प्रदक्षिणा घालून आपापल्या दिशेनें जातात. गांव टिकलें तें या दोन गोष्टींमुळें : कागद तेथें आणि धान्याचें स्टेशन तेथें.

आतां जमिनीकडे वळूं. गांव समुद्रसपाटीपासून चार हजार एकशें फुटांहून अधिक उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वराहून थोडेंच कमी. पण महाबळेश्वराचें दुसरें कांहींच तेथें नाहीं. रॉकी पर्वतांतून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्राचीन नद्यांनीं आणून टाकलेल्या गाळाचें हें पठार आहे. तें पूर्वेकडे इतकें हळूहळू उतरतें कीं डोळ्यास उतार कळत नाहीं. फक्त वायव्येस ब्लॅक मेसा नांवाची ४,९७३ फूट उंचीची सपाट माथ्याची टेकडी आहे. ती लाव्हाच्या थिजलेल्या काळ्या खडकाची, आपल्या दख्खनच्या खडकाचीच भाऊबंद. उत्तरेस सिमॅरॉन नदी व मध्यभागीं बीव्हर नदी, दोन्हीहि बहुतेक वर्षभर वाळूच्या. जमिनीचा वरचा थर बारीक पोयट्याचा, कोठें रेताड. त्याखालीं चुनखडीचा कठीण थर. आणि त्याच्याहि खालीं ओगलाला या नांवानें ओळखली जाणारी वाळूगोट्यांची जाड रास, तिच्यांत हजारों वर्षांचें मुरलेलें पाणी. या पाण्याची कथा पुढें येईल.

पाऊस वर्षाकांठीं सरासरी १७-१८ इंच. सोलापूरकडील पावसाहूनहि हा बराच कमी. पण खरी अडचण सरासरीची नव्हे. एका सालीं पंचवीस इंच तर दुसऱ्या सालीं दहाहि नाहीं, आणि वाईट सालें एकेकटीं न येतां तीन-चार जोडीनें येतात. त्यावर वारा. मध्यें डोंगर नाहीं, रान नाहीं. हिंवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत तो जमिनीलगत धांवत असतो. निसर्गानें या वाऱ्यावर एकच उपाय योजला होता. बफेलो गवत व ब्लू ग्रामा हीं दोन आंखूड गवतें, वरून वीतभर आणि खालीं मुळांची दाट चटई. हजारों वर्षें ती माती त्या चटईनें धरून ठेविली होती.

पहिल्या वसाहतवाल्यांनीं या गवतास फारसा धक्का दिला नाहीं, कारण १६० एकर नांगरण्यास त्यांजपाशीं बळच नव्हतें. ते थोडी ज्वारी करीत, थोडी गुरें पाळीत, आणि केरसुण्यांसाठीं मुद्दाम लावली जाणारी एक जातीची ज्वारी विकीत. (केरसुणी आपल्याकडे शिंदीची, तेथें ज्वारीच्या कणसाची.) पण इतक्या पावसांत १६० एकरांवर कुटुंब जगत नाहीं, हें त्यांस लवकरच कळून आलें. १९१० सालीं कौंटींत ४,५५३ माणसें होतीं, तीं १९२० सालीं ३,४३६ झालीं. दूर राजधानींत बसून ओल्या प्रदेशाच्या मापानें कोरड्या प्रदेशाची खातेवारी ठरविली, त्याचें हें पहिलें फळ.

मग गहूं आला. पहिल्या महायुद्धांत गव्हाचा भाव बुशेलला, म्हणजे आपल्या सुमारें सत्तावीस किलोंना, दोन डॉलरांवर गेला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण तोंवर ट्रॅक्टर आला होता आणि त्याच्यामागें तव्यांचा नांगर. हा नांगर एका दिवसांत आठवड्याचें काम करी आणि माती पिठासारखी बारीक करून टाकी. ढेकूळ राहत नसे, धसकट राहत नसे. पाहणाऱ्यास तें रान मोठें स्वच्छ वाटे. १९२० नंतरचीं सालें पावसाचीं गेलीं. जमीन स्वस्त, आगगाडी जवळ. कौंटी ३,४३६ वरून ५,४०८ वर गेली आणि बॉइस सिटी २५० वरून १,२५६ वर. दहा वर्षांत पांचपट! १९३० सालीं त्या गांवांत उभ्या असलेल्या कोणासहि आपलें भविष्य उज्ज्वल वाटलें असल्यास त्यास आम्ही वेडा म्हणणार नाहीं.

१९३१ सालीं गहूं अतोनात पिकला आणि भाव पाव डॉलरच्या आसपास कोसळला. येथें शेतकऱ्यानें जें केलें तें आमच्या वाचकांस ओळखीचें वाटेल. भाव निम्मा झाला म्हणून त्यानें दुप्पट रान मोडलें. कर्जाचा हप्ता तोच, ट्रॅक्टरचें देणें तेंच. मग अधिक पोतीं केल्यावांचून गति कोठली? ज्यांस तेंहि जमलें नाहीं, ते रान उघडें टाकून निघून गेले. आणि १९३२ पासून पाऊस राहिला.

पुढचीं सात-आठ वर्षें जगप्रसिद्ध आहेत. उघड्या पिठासारख्या मातीवर वारा सुटला. प्रथम बारीक पोयटा उडाला, म्हणजे जमिनीचा कस तोच. मागें राहिली जड वाळू, ती सरकत जाऊन कुंपणांस व घरांच्या भिंतींस लागून ढीग बनली. कुंपणाच्या तारांत काटेरी वाळकीं झुडपें अडकत, त्यांवर माती सांचे, आणि गुरें त्या बांधावरून चालत पलीकडे जात. चारा संपला तेव्हां रशियन थिसल नांवाचें हेंच काटेरी तण मीठ लावून गुरांस घातलें. १९३४ सालीं सरकारनें उपाशी गुरें नगास सामान्यतः १४ ते २० डॉलर देऊन विकत घेतलीं. जीं बाजारास नेण्यासारखीं नव्हतीं तीं तेथेंच मारून पुरलीं. माणसांस धुळीचा न्यूमोनिया होऊं लागला; आया ओलीं फडकीं खिडक्यांस बांधीत आणि लेकरांच्या तोंडावरहि.

१४ एप्रिल १९३५ हा रविवार. सकाळ निरभ्र, वारा पडलेला. कित्येक आठवड्यांनीं लोक बाहेर पडले होते. दुपार उलटल्यावर उत्तरेकडून काळ्या भिंतीसारखा लोट आला आणि सायंकाळच्या सुमारास बॉइस सिटीवर कोसळला. हातापुढचा हात दिसेना. त्या दिवशीं रॉबर्ट गायगर नांवाचे वर्तमानपत्राचे एक बातमीदार या गांवाच्या जवळपास होते व त्या लोटांत सांपडले. दुसऱ्या दिवशीं छापून आलेल्या त्यांच्या मजकुरांत 'डस्ट बोल', म्हणजे धुळीचा कटोरा, हा शब्द पहिल्यानें आला आणि तो साऱ्या मुलखास कायमचा चिकटला. पुढील वर्षीं, एप्रिल १९३६ मध्यें, सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टाइन यांनीं याच कौंटींत एक चित्र टिपलें : एक शेतकरी आणि त्याचे दोन लहान मुलगे धुळीच्या वाऱ्यांत मान खालीं घालून अर्धवट पुरलेल्या छपराकडे चालले आहेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तें पाहिलें असेल. त्यांतील रान सिमॅरॉन कौंटींतलें, हें बहुधा ठाऊक नसेल.

दोष कोणाचा, यावर अजून वाद चालतो. १९३६ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं नेमलेल्या समितीनें स्पष्ट म्हटलें कीं, ओल्या प्रदेशाची शेतीची रीत कोरड्या मैदानावर आणल्यामुळें हा अनर्थ ओढवला. अलीकडे, २००५ मध्यें, जेफ कन्फर या इतिहाससंशोधकांनीं साऱ्या मैदानाचे आंकडे तपासून दाखविलें कीं, जेथें नांगर फारसा लागला नव्हता अशा कौंट्यांतहि धूळ उडाली होती. तेव्हां मुख्य कारण अवर्षण, नांगर दुय्यम. आमचें मत विचाराल तर दोन्ही पक्ष एकमेकांस खोडीत नाहींत. अवर्षण पूर्वीहि येत असे व पुढेंहि आलें. प्रश्न इतकाच कीं, तें आलें तेव्हां जमिनीच्या अंगावर कांहीं होतें कीं नव्हतें.

आतां आंकडे पाहा. १९३० ते १९४० या दहा वर्षांत कौंटी ५,४०८ वरून ३,६५४ वर आली, म्हणजे दर तीन माणसांतलें एक गेलें. पण गांवांतून गेलीं अवघीं ११२ माणसें. १,२५६ चीं १,१४४ झालीं. खरी गळती शिवारांतून झाली. गांवाबाहेर ४,१५२ माणसें राहत होतीं, तीं २,५१० उरलीं. शेंकडा चाळीस गेलीं. आमच्या समजुतीप्रमाणें याचें कारण असें कीं, सरकारी मदतीची वांटणी गांवांत, शाळा गांवांत, आगगाडी गांवांत. शेतावरून उठलेल्या कुटुंबांतलीं कांहीं कॅलिफोर्नियास न जातां गांवाच्या कडेला येऊन राहिलीं असलीं पाहिजेत. एक गैरसमज येथेंच दूर करूं. स्टाइनबेक यांच्या प्रसिद्ध कादंबरींतलें निर्वासित कुटुंब या धुळीच्या मुलखांतलें नव्हे. तें ओक्लाहोमाच्या पूर्व टोंकाचें, कापूसवाल्या कुळांपैकीं. बाहेर पडलेल्यांत अशांचीच संख्या मोठी होती. धुळीच्या ऐन मध्यांतले दोनतृतीयांश लोक जागचे हलले नाहींत.

राहिले ते नव्यानें शेती शिकले. एप्रिल १९३५ मध्येंच मृद्संधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट यांच्या हाताखालीं नवें खातें निघालें. उतारास आडवी नांगरट, सऱ्या खोल व ढेकळें ठेवून; गव्हाच्या पट्ट्यांमध्यें ज्वारीचे पट्टे; कापणीनंतर धसकटें रानांतच; आणि उडत्या रानांत तांतडीनें तास ओढणारास एकरीं पैसे. यांत आमच्या दृष्टीनें मोठी गोष्ट ज्वारीची. गहूं दगा देई त्या सालीं हीच उभी राही. दाणा भरला नाहीं तरी कडबा मिळे, आणि तिचीं धसकटें वाऱ्यास अडवीत. आपल्या रब्बीच्या रानांत जी आपल्यास पिढ्यान्‌पिढ्या पोशीत आली तीच ही, आफ्रिकेंतून निघून दोन निराळ्या वाटांनीं दोन कोरड्या मुलखांत पोंचलेली.

युद्धकाळांतली एक घटना सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ५ जुलै १९४३ रोजीं मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्याच एका बाँबफेकी विमानानें बॉइस सिटीवर सहा बाँब टाकले. टेक्सासमधील डॅलहार्ट येथून सरावास निघालेल्या वैमानिकांची वाट चुकली, आणि कचेरीच्या चौकांतले दिवे त्यांना लक्ष्यावरचे दिवे वाटले. बाँब सरावाचे, बहुतेक वाळूनें भरलेले; कोणासहि इजा झाली नाहीं. कौंटीची कचेरी अंधाऱ्या सपाटीवर किती एकाकी दिसत असेल, याची यावरून कल्पना येते.

पाऊस परतला, गव्हास पुन्हां भाव आला, आणि युद्धानंतर या कथेंतील नवें पात्र पुढें आलें : खालचें पाणी. ओगलाला राशींतलें पाणी वसाहतवाले पवनचक्कीनें उपशीत, पण तें गुरांपुरतें व घरापुरतें. आतां खोल विहिरीचे जोरदार पंप आले, आणि ते चालविण्यास जमिनीखालचा नैसर्गिक वायूहि त्याच मुलखांत मिळाला. फ्रँक झायबॅक नांवाच्या नेब्रास्काच्या शेतकऱ्यानें १९५२ मध्यें फिरत्या तुषारयंत्राचा हक्क नोंदविला. विहिरीभोंवतीं पाव मैल लांबीचा नळ चाकांवर गोल फिरतो आणि १६० एकरांच्या चौकोनांतलें सुमारें १३० एकरांचें वर्तुळ भिजवितो. चारी कोंपरे कोरडे राहतात. विमानांतून हा मुलूख हिरव्या भाकऱ्या मांडल्यासारखा दिसतो. जेथें गवतावांचून कांहीं होऊं नये तेथें मका उभा राहिला. बॉइस सिटी १९५० सालीं १,९०२, १९६० सालीं १,९७८ आणि १९७० सालीं १,९९३ वर गेली. हा तिचा कळस.

पण गांव वाढत असतां कौंटी वाढत नव्हती, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कौंटी १९५० सालीं ४,५८९ वर चढून लगेच उतरूं लागली. १९७० सालीं ती ४,१४५ होती. १९२० सालीं कौंटींतल्या दर शंभरांत सात माणसें बॉइस सिटींत राहत. १९३० सालीं तेवीस, १९४० सालीं एकतीस, १९७० सालीं अठ्ठेचाळीस. पाण्यानें उत्पन्न वाढविलें, माणसें वाढविलीं नाहींत. विहीर, पंप व फिरतें यंत्र यांचा खर्च १६० एकरांस झेपत नाहीं. एकानें चौघांचीं खातीं विकत घ्यावीं, तेव्हां तें परवडतें. मग त्या चौघांचीं घरें ओस पडतात, शेतावर राहण्याचेंहि कारण उरत नाहीं. गांव फुगलें तें शिवार रिकामें होऊन. आणि शिवार पुरतें रिकामें झाल्यावर गांवाच्या दुकानांस गिऱ्हाईक कोठून यावें? १९८० सालीं १,७६१, १९९० सालीं १,५०९, २००० सालीं १,४८३, २०१० सालीं १,२६६ आणि २०२० सालीं १,१६६. म्हणजे धुळीच्या दशकाअखेर जेवढे लोक गांवांत होते, जवळजवळ तेवढेच. फरक इतकाच कीं, तेव्हां गांवाभोंवतीं अडीच हजार माणसें होतीं. आतां साऱ्या कौंटींत मिळून २,२९६, म्हणजे गांवाबाहेर अवघीं १,१३०. दर चौरस मैलास सव्वा माणूस.

दरम्यान खालचें पाणी उतरत आहे. त्या कोरड्या मुलखांत वर्षभरांत वरून मुरून खालीं पोंचणारें पाणी इंचभरहि नाहीं. ओक्लाहोमाच्या कायद्यानें जमिनीखालचें पाणी जमीनमालकाच्या मालकीचें. आणि परवान्यानें त्यास एकरीं दोन एकर-फूट, म्हणजे रानभर दोन फूट उंच उभें राहील इतकें पाणी सालीना उपसतां येतें. चोवीस इंच उपसा, अठरा इंच पाऊस, आणि मुरतें इंचाहून कमी. हा हिशेब मांडण्यास पाटी-पेन्सिल लागत नाहीं. मालकी हक्काचे आम्ही विरोधक नव्हों. आमचे वाचक जमीनमालकच आहेत. परंतु पाणी शिवेचा दगड ओळखत नाहीं. शेजारी उपसतो म्हणून मी उपसतों, मी उपसतों म्हणून तो उपसतो, आणि दोघांच्याहि विहिरी दरसाल खोल जातात. हें आमच्या विंधन-विहिरींच्या गांवांत जाऊन पाहिल्यास दुभाष्याची गरज पडणार नाहीं.

२०११ पासून दोन-तीन सालें पुन्हां भयंकर अवर्षणाचीं गेलीं आणि धुळीचे लोट बॉइस सिटीवर पुन्हां दिसले. तरी १९३५ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. त्याचें मोठें श्रेय धसकटें राखणाऱ्या शेतीस आहे, आणि १९८५ पासून चाललेल्या एका सरकारी योजनेसहि. या योजनेंत जी जमीन वाऱ्यानें लवकर उडते ती शेतकऱ्यानें दहा-पंधरा वर्षें गवताखालीं ठेवावी आणि सरकारनें त्यास एकरीं खंड द्यावा, असा करार असतो. कौंटींतली पुष्कळ जमीन अशी गवताखालीं गेली. माती जागेवर राहिली. परंतु जेथें पेर नाहीं तेथें बीं-खतवाला, यंत्र दुरुस्त करणारा व धान्य वाहणारा यांस काम नाहीं, असें गाऱ्हाणें अशा कसब्यांतून ऐकूं येतें. तें खोटें नाहीं. माती वांचविण्याची किंमत शेताऐवजीं बाजारपेठेनें दिली, इतकेंच.

पूर्वेस साठेक मैलांवर शेजारच्या कौंटीचें ठाणें गायमन आहे. पाऊस तसाच, माती तीच, खालचें पाणीहि तेंच. १९९० च्या दशकांत तेथें डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना निघाला, आणि १९९० सालचीं ७,८०३ माणसें २०२० सालीं १२,९६५ झालीं. त्यांत मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडून आलेल्यांचा भरणा मोठा. पिकलेला दाणा जनावरास घालून गांवांतच त्याचा पक्का माल केला तर माणसें राहतात, असा याचा अर्थ कोणी काढील. पण तेथील डुकरें ज्या दाण्यावर पोसतात आणि जें पाणी पितात, तें पाणी त्याच राशींतलें आहे. बॉइस सिटींतहि आतां पांचांतलें एक माणूस स्पॅनिश वंशाचें आहे, आणि शाळेंत व दुकानांत ती भाषा ऐकूं येते. तीं कुटुंबें आलीं नसतीं तर वरचे आंकडे आणखी खालीं गेले असते.

कौंटीच्या दक्षिण भागांत सरकारनें १९३० नंतरच्या त्या वाईट सालांत उठून गेलेल्या लोकांचीं रानें विकत घेतलीं होतीं. ज्या सरकारनें तीं १६०-१६० एकरांनीं नांगरण्यास वांटलीं, त्यानेंच पैसे मोजून तीं परत घेतलीं आणि त्यांत पुन्हां गवत पेरलें. टेक्सासकडील भागासह या रानास रीटा ब्लांका हें नांव आहे. १९६० पासून तें राष्ट्रीय कुरण म्हणून राखलेलें आहे, आणि त्यांतले सुमारें सोळा हजार एकर सिमॅरॉन कौंटींत पडतात. तेथें कोणी राहत नाहीं. आसपासचे शेतकरी ठराविक चराई भरून आपलीं गुरें तेथें सोडतात, आणि किती गुरें किती दिवस चरावीं हें दरसालच्या गवताकडे पाहून ठरवितात.